चुलीपर्यंतचा व्हिसा

धाकूदादा कुणाच्याही दारात गेले की उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचे, टोपी सारखी करायचे आणि आत बघत विचारायचे, “कुठवर येऊ?”

बँक असो, तलाठ्याचं कार्यालय असो, नाहीतर मुरबाडच्या डॉक्टरांचा दवाखाना असो, हा प्रश्न ठरलेला. “आत येऊ का?” असं विचारणारी माणसं जागोजाग भेटतात. “कुठवर येऊ?” असं विचारणारा माणूस मला एकच भेटला. पहिल्यांदा ते माझ्या दुकानात आले तेव्हा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी म्हटलं, “अहो दादा, दुकानच मुळात हातभर आहे. त्यात कुठवर म्हणजे काय? या, खुर्चीवर बसा.”

“खुर्चीपर्यंत ना? मंग ठीक,” असं म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीवर येऊन बसले. शेजारच्या टेबलावर त्यांनी कोपरसुद्धा टेकवलं नाही. टेबलाचं बोलणं झालेलं नव्हतं.

माझं दुकान शहापूरच्या बाजारपेठेत आहे. पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटं. माझं गिऱ्हाईक म्हणजे एक तर आखातात नोकरीला निघालेली पोरं, नाहीतर परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. या आया व्हिसाचं काय झालं हे एकदा विचारतात आणि विमानात लोणचं चालेल का हे पन्नासदा. थोडक्यात, आपल्या देशातून बाहेर जाणाऱ्यांवर माझं पोट चालतं. बाहेरून आपल्याकडे आलेल्या माणसासाठी जीव टांगणीला लावायची वेळ माझ्यावर एकदाच आली, आणि ती धाकूदादांनी आणली.

ते वैशाखऱ्याचे. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची भाताची खाचरं होती आणि थोडं आत गेलं की घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष. धाकूदादा स्वतः चुलीवर भाकऱ्या थापायचे, आणि त्या त्यांच्याइतक्याच सडसडीत व्हायच्या. संतोष मुरबाडच्या एका कारखान्यात मशिनवर होता. त्याचा हात चांगला म्हणून कंपनीने त्याला मशिनं बसवायला व्हिएतनामला पाठवलं. तिकडे त्याचं लानशी जमलं. लान तिथल्याच कारखान्यात कामाला होती. दोघांनी तिकडेच रीतसर नोंदणी करून लग्न केलं आणि मग बापाला फोन केला.

फोनवर धाकूदादांनी एकच चौकशी केली होती. “भात खाते का?”

“बाबा, तीन वेळा खाते.”

“मंग आण.”

संतोषने घाई केली. मोबाइलवर झटपट मिळतो म्हणून त्याने तिच्यासाठी टुरिस्ट व्हिसा काढला आणि तिला घेऊन आला. आल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा व्हिसा फिरून परत जाणाऱ्यांचा आहे, आणि लानला तर राहायचं आहे. म्हणून बापलेक माझ्या दुकानात आले होते. भारतीय माणसाशी लग्न झालेल्या परदेशी बाईला टुरिस्ट व्हिसा बदलून घेता येतो, पण त्यासाठी अर्ज, लग्नाचे कागद, पोलिसांची चौकशी असं सगळं व्हावं लागतं, आणि ते मुदतीच्या आत व्हावं लागतं. मी संतोषला कागद सांगत होते, आणि धाकूदादा मध्येच म्हणाले, “ह्या व्हिसाचे परकार किती असतात गो?”

मी सवयीने सांगत सुटले. फिरायला येणाऱ्याचा टुरिस्ट, धंद्याच्या बोलणीला येणाऱ्याचा बिझनेस, शिकणाऱ्याचा वेगळा, नोकरी करणाऱ्याचा वेगळा. उपचाराला येतो त्याला मेडिकल, आणि त्याच्याबरोबर येतो त्यालाही स्वतःचा असतो. धाकूदादांनी हात वर करून मला थांबवलं.

“थांब जरा. बैल बघायला येतो तो धंद्याचा.”

“हो.”

“आन घाट चढायच्या आधी पाणी प्यायला टेकतो तो?”

“त्याला ट्रान्झिट म्हणतात, दादा.”

“मंग आमच्या घरात सगळे व्हिसे हायेत की!” ते खूश झाले. मग खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “आन सुनेचा?”

मी म्हटलं, सुनेचा असा नावाने नसतो, तिला एंट्री व्हिसा देतात. एंट्री म्हणजे प्रवेश.

“परवेश तर सगळ्यांचाच झाला ना? टुरिस्टबी आतच आला. कुठवर परवेश, ते सांग.”

याचं उत्तर त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या घरी कोणी आलं की ते ओटीवरूनच विचारत, “कुठवर आलाव?” अंगणापर्यंत आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पाणी आणि कामाचं बोलणं. ओटीपर्यंत आलेल्याला घोंगडी आणि चहा. आणि चुलीपर्यंत आलेल्याला जेवण. यात उच्चनीच काही नव्हतं. येणाऱ्याने आपलं आपण सांगायचं, आणि सांगेल तेवढा त्याचा मान ठेवायचा. फक्त चुलीपर्यंत आलेल्याला एक गोष्ट मिळायची नाही. त्याला पाणी विचारलं जायचं नाही. “चुलीपर्यंत आलेल्या माणसाला काय पाणी विचारायचा? त्याचा त्याने घ्यायचा,” असं ते म्हणत.

लान आली तो दिवस त्यांनी मला पुढे कितीदा सांगितला, कोण जाणे. ती अंगणात येऊन उभी राहिली. पाठीला पिशवी, हातात पानांची निमुळती टोपी. धाकूदादांनी सवयीने विचारलं, “कुठवर आलाव?” संतोष तिला तिच्या भाषेत समजावून सांगायला लागला, तर धाकूदादांनी त्याला गप्प केलं. “नको रे इचारू. दमली हाय पोर.” आणि तिला म्हणाले, “चुलीपर्यंत ये.” तिला शब्द कळला नाही, पण त्यांनी ज्या बाजूला हात केला त्या बाजूला ती गेली. सुकटीचा वास आल्यावर हसली आणि चुलीपुढे मांडी घालून बसली. तिच्या देशातही मासळी खारवतात, मुरवतात. “भात खाते, सुकट खाते, परदेशी कसली मंग?” असं धाकूदादा गावभर सांगत फिरले.

परदेशी माणूस घरात उतरला की पोलिसांना कळवावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा आधी ते तडकले. “माझ्या घरात कोण जेवतं ते पोलिसाला का सांगू मी?” मग जरा वेळाने त्यांचं त्यांनाच पटलं. “तसं बरोबर हाय म्हना. सरकारनेबी इचारलंच पायजे, कुठवर आलाव.”

सह्यांच्या निमित्ताने मी वैशाखऱ्याला जाऊ लागले. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत जायचं, म्हणजे अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे मी कायम घाईत. अंगणात गाडी लावली की ओटीवरून आवाज यायचा, “कुठवर आलीस गो?” आणि मी म्हणायची, “ओटीपर्यंत, दादा. दुकान उघडायचंय.” ओटीवर त्यांचा पिवळा कुत्रा पसरलेला असायचा. त्याचं नाव आळशी. “ए आळशी, सरक, बाय बसू दे,” असं म्हणत ते त्याला ढकलायचे आणि माझ्यापुढे चहा ठेवायचे. मी उठायला लागले की ठरलेलं वाक्य यायचं, “तुझा टुरिस्ट व्हिसा काय संपत नाय बघ.”

लावणीचे दिवस होते. एकदा मी गेले तेव्हा ओटीवर कोणीच नव्हतं, म्हणून खाचरांकडे गेले. गावातल्या पाचसहा बाया वाकून लावणी करत होत्या आणि त्यांच्या रांगेत एक पानांची टोपी होती. लान गुडघाभर चिखलात उभी राहून, मागे सरकत, भराभरा रोप लावत होती. तिच्या ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या. धाकूदादा बांधावर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना आवरत नव्हता. “बघ गो,” ते मला म्हणाले, “कोनी शिकवला नाय. सकाळी उठली, टोपी घातली आन उतरली. डोक्यापुरता अर्धाच इरला घालते, पन काम पुरा करते.”

खरं तर मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण चिखलातली ती पोर आणि बांधावरचा तो म्हातारा बघून माझ्या डोक्यात व्हिसा आलाच नाही. मलाही नुसतं बरं वाटलं.

लावणी उरकली त्याच आठवड्यात चौकशीला पोलीस घरी आले. संतोष कामावर गेला होता. धाकूदादांनी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला आणि सुनेबद्दल विचारल्यावर त्यांचा बांध फुटला. आमच्याकडच्या शेतकरी घरात सुनेचं कौतुक करायचं म्हणजे एकाच गोष्टीचं करायचं, ती म्हणजे कामाचं. दिसायला कशी, शिकली किती, हे कोणी सांगत बसत नाही. धाकूदादांनी सांगितलं, सून दोन बायांचं काम एकटी करते. सगळी खाचरं तिच्या हाताखालून गेली. शेवटचं खाचर पुरं झालं तेव्हा आपण तिला नवी साडीसुद्धा दिली. पोलिसांनी जे ऐकलं ते लिहून घेतलं. त्यांचं काम तेच होतं. धाकूदादांनी त्यांना अंगणापर्यंत सोडलं आणि रात्री संतोषला सांगितलं, “साहेब लय चांगला. सगळं लिवून घेतला त्याने.”

आठवड्याने अर्जावर शेरा आला. टुरिस्ट व्हिसावर आलेली महिला शेतात काम करते आणि तिला त्याचा मोबदला मिळतो असं दिसतं, तरी खुलासा करावा. सोबत ठाण्याच्या कार्यालयात हजर राहायचं बोलावणं.

मी कपाळाला हात लावला. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला इथे काम करता येत नाही, ही पहिलीच अट. खुलासा मान्य झाला नाही तर लानला मुदतीत देश सोडावा लागणार होता, आणि अटी मोडल्याचा शिक्का एकदा बसला की पुन्हा व्हिसा मिळणं महाकठीण. मी वैशाखऱ्याला गेले आणि हे सगळं धाकूदादांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे मी कवतिक केला, म्हनून तिला घालवनार?”

“कौतुकामुळे नाही, दादा. काम केलं म्हणून.”

“घरचा काम काय काम असतं?” त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. “माझी बायको गेली तवापासून त्या चुलीला बाईचा हात नव्हता गो. आता कुठं घर घरासारखं लागाया लागलं.”

मी त्यांना पढवलं. कार्यालयात सांगायचं, सून काम करत नाही. एक दिवस हौसेने चिखलात उतरली, फोटो काढले, बस्स. साडीबिडी कुणी दिली नाही. ते मान हलवत राहिले. शेजारी लान बसली होती आणि आळशीच्या कानातल्या गोचिड्या काढत होती. तिला आमच्या बोलण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण गंभीर काहीतरी आहे एवढं कळत होतं. तिने उठून धाकूदादांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो तसाच राहिला.

ठाण्याला जायच्या दिवशी मी सरळगावच्या नाक्यावर गाडी घेऊन थांबले. तिघं आले, आणि लानला बघून माझा जीवच गेला. ती साडी नेसून आली होती. हिरवी, नवीकोरी. मी संतोषला बाजूला घेतलं. “हीच का ती?” त्याने खाली मान घातली. ज्या साडीवरून एवढं रामायण झालं तीच अंगावर घालून आम्ही साडी दिली नाही म्हणून सांगायला निघालो होतो. मी धाकूदादांवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, “सरकारच्या दारात जाताना नवी साडी नेसायची नाय, तर कवा नेसायची?” आता परत जाऊन बदलायला वेळ नव्हता.

गाडीत मी त्यांच्याकडून उत्तरं पुन्हा पुन्हा घोकून घेतली. कल्याण येईपर्यंत त्यांना ती पाठ झाली होती.

कार्यालयात एक मध्यमवयीन बाई अधिकारी होत्या. कामाचा ढीग समोर, तरी आवाज मऊ. आमचं नाव पुकारल्यावर धाकूदादा दारात थांबले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “कुठवर येऊ?”

बाईंनी वर पाहिलं. “या की बाबा, इथे खुर्चीपर्यंत या.”

तेवढ्याने मला जरा धीर आला. आम्ही बसलो. बाईंनी शेरा वाचून दाखवला आणि विचारलं, “तुमची सून शेतात काम करते, असं तुम्ही सांगितलं होतं. खरं आहे का?”

धाकूदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे, आणि घोकलेलं म्हणायला लागले. “नाय साहेब. सून काय काम करीत नाय. लय...” ते अडखळले. त्यांना वाटलं असावं, नुसतं ‘करीत नाय’ म्हणून कोणाला पटणार नाही. “लय आळशी हाय.”

लानला तोवर मराठी शब्द असे किती येत होते! रोप, चिखल, भाकर, पाणी. आणि आळशी. तो तर ती रोज सकाळी ओटीवरच्या कुत्र्याला उद्देशून ऐकायची. तिने झटकन मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. चिडली नाही ती. फक्त तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. नखांच्या कडांना चिखल अजून बसलेला होता.

धाकूदादांनी ते पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

“खोटं बोललो साहेब. ते लिवू नका,” ते म्हणाले. “माझ्या तोंडून हे व्हायचा नाय. ती काम करते. आमच्या गावात तिच्यावानी कोन नाय. तुमाला तिला पाठवायची तर पाठवा, पन आळशी म्हनून नका पाठवू.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं, असं मला वाटलं. संतोषने लानचा हात धरला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “बाबा, बसा. मला सांगा, साडी का दिली?”

“पयल्या लावनीची,” धाकूदादा म्हणाले. “आमच्या घरची चाल हाय. नवी सून पयली लावनी करते, शेवटचा खाचर झाला की सासऱ्याने तिला लुगडं द्यायचा. माझ्या बापाने माझ्या बायकोला दिल्ती.”

“बाकीच्या बायांनाही दिली का?”

“त्यांना मजुरी दिली. अंगनात. मजुरी अंगनात देतात.” त्यांनी हाताने अंगण दाखवलं, मग हात छातीशी आणला. “हिला चुलीम्होरं दिली. हळदकुंकू लावायला बाई नाय घरात, मंग मीच लावला. मजुराला कोन कुंकू लावतं?”

बाईंनी लानकडे पाहिलं. संतोषने तिला तिच्या भाषेत विचारलं, ही साडी कसली? तिने पदर हातात घेतला, शोधून शोधून एक शब्द काढला आणि तो बाईंना दिला. “घर,” ती म्हणाली.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. शेवटी त्यांनी कागद फिरवून धाकूदादांना अंगठा की सही असं विचारलं. त्यांनी सही केली. घरातील व्यक्ती या नात्याने हातभार लावते, मजुरी घेत नाही, साडी कौटुंबिक रिवाजाप्रमाणे, असा तो जबाब होता. बाई मला म्हणाल्या, निर्णय वर होतो, मी फक्त जबाब पाठवते. पण सल्ला देते, परवानगी येईपर्यंत हिला खाचरात पाठवू नका. धाकूदादा म्हणाले, “लावनी झाली साहेब. आता उगवायचा काम भाताचा हाय.”

मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते तेव्हा परवानगी आली. मी लगेच वैशाखऱ्याला फोन लावला. धाकूदादांनी उचलला.

“दादा, मिळाला एंट्री व्हिसा.”

“कुठवरचा?”

“आत्ता एक वर्षाचा. मग वाढवून मिळतो.”

“कवापर्यंत नाय इचारला मी. कुठवर?”

मी म्हटलं, “चुलीपर्यंत, दादा.” त्यांनी फोन तसाच खाली ठेवला असावा, कारण मला त्यांची हाक ऐकू येत राहिली. “लान! ए लान! अगो ये इकडं!” म्हातारा माणूस आनंदाने ओरडतो आहे आणि आपल्याला फोनवर ते ऐकू येतंय, यापरतं मला माझ्या धंद्यात काही मिळालेलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली. दर वर्षी मुदत वाढवायची वेळ आली की धाकूदादा महिनाभर आधी दुकानात हजर. खुर्चीपर्यंत येत, काम सांगत, आणि निघताना माझ्या घरच्यांची चौकशी करत. लान चांगलं मराठी बोलायला लागली, अगदी वैशाखऱ्याचं. सासऱ्याशी तिचा एक खेळ सुरू झाला होता. मुरबाडच्या बाजारातून आली की ती आत यायची नाही. अंगणात पिशव्या घेऊन उभी राहायची आणि मोठ्याने विचारायची, “कुठवर येऊ?” धाकूदादा जिथे असतील तिथून ओरडायचे, “चुलीपर्यंत ये!” मगच ती पाऊल उचलायची. मी हे ओटीवर बसून कितीदा तरी पाहिलं आणि त्या दोघांचा मला हेवा वाटला.

गेल्या वर्षी लानच्या आईचं ऑपरेशन ठरलं म्हणून ती माहेरी गेली. जायच्या आधी धाकूदादा दुकानात आले. “परत येऊ देतील ना गो? दारात आडवतील नाय ना?” मी त्यांना सांगितलं, तिचा व्हिसा अनेकदा जाऊन येण्याचा आहे, कोणी अडवणार नाही. तरी त्यांनी शिक्का बघायला मागितला. त्यावरून बोट फिरवलं आणि समाधानाने गेले. माझ्या दुकानातली ती त्यांची शेवटची फेरी.

ती तिकडे असतानाच ते गेले. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या, ओटीवर येऊन आळशीजवळ बसले आणि बसल्या जागी गेले. लानची आई तेव्हा दवाखान्यात होती. लानला निघता आलं नाही. तिने सगळं संतोषच्या फोनवर पाहिलं. संतोष म्हणाला, ती रडत नव्हती, नुसती विचारत होती, बाबांनी काही निरोप ठेवला का.

दिवसकार्य उरकल्यावर ती आली. संतोष तिला आणायला विमानतळावर गेला होता. घर बंद राहायला नको म्हणून मी सकाळीच शहापूरहून निघून तिथे जाऊन बसले होते. अर्थात ओटीवर. आळशी माझ्या पायाशी होता. दुपारी गाडी आली. लान उतरली. तीच पाठीवरची पिशवी. ती अंगणाच्या मध्यावर आली आणि थांबली. संतोष मागे बॅगा घेऊन उभा राहिला. तिने ओटीवरच्या त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं, पण फार हळू, विचारलं, “कुठवर येऊ?”

संतोषने तोंड फिरवलं. आळशीने कान टवकारले. अंगणात ती तशीच उभी होती आणि उत्तराशिवाय ती पाऊल उचलणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी त्या घरची कोणी नव्हते. एवढ्या वर्षांत ओटी ओलांडून आत न गेलेली बाई मी. पण त्या क्षणी उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी उठले आणि म्हटलं, “ये बाय. चुलीपर्यंत ये.”

ती आली. माझ्या शेजारून, न थांबता आत गेली. थोड्या वेळाने काटक्या मोडल्याचा आवाज आला. धाकूदादा गेल्यापासून संतोष गॅसवरच काहीबाही करत होता, चूल तशीच होती. धूर ओटीपर्यंत आला. मी पर्स उचलली, दुकान उघडायचं होतं. तेवढ्यात आतून हाक आली, “ताई, तुमी भायेर काय बसलाव? आत या.”

मी चपला काढून आत गेले. लान चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवत होती. तिचे डोळे लाल झाले होते. धुराने की कशाने, मी विचारलं नाही. माझा घसा कोरडा पडला होता आणि मी तशीच उभी राहिले, ती पाणी विचारील म्हणून.

तिने वर पाहिलं नाही. हातातली काटकी चुलीत सारत ती म्हणाली, “पानी तिथं हाय. तुमचं तुमी घ्या.”